एका घरातून एकच

कामगार वसाहत, इमारत क्रमांक ७, ल्याओनिंग
१९ ऑक्टोबर १९९७

ताई,

नमस्कार. मी आपणहून पत्र लिहायला बसलो म्हणजे काहीतरी बातमी असणार, हे तुम्ही ओळखलं असेलच. घाबरू नका, बातमी चांगली आहे. माझी नोकरी वाचली.

कारखान्यात पहिली यादी लागली. आमच्या पंपांना आता कुणी विचारत नाही, गोदामात ढीग पडलाय. त्यामुळे तीन हजारांतली नऊशे माणसं घरी. 'काढलं' म्हणायचं नाही हं, 'खाली उतरवलं' म्हणायचं. जसे काही आम्ही सगळे झाडावर चढून बसलो होतो! तुमची बहीण मिन्यू तेवढी खरंच वर असायची, बावीस वर्षं क्रेनच्या पिंजऱ्यात बसून लोखंडाच्या ओतशाळेतल्या सगळ्यांची टकलं मोजत.

तर नियम असा निघाला की एका घरातून एकच. नवरा-बायको दोघं कारखान्यात असतील तर दोघांना एकदम उतरवायचं नाही. एक उतरला की दुसऱ्याला निवृत्तीपर्यंत हात लावायचा नाही. आणि सगळ्यात आधी नंबर एकट्या जिवांचा. बायको नाही, मूल नाही, त्याला कसली काळजी, असं साहेबलोकांचं म्हणणं. आमच्या घरातून यादीत नाव माझं होतं. ते वाचून मिन्यू तडक युनियनच्या शुएबाईंकडे गेली आणि म्हणाली, त्याचं खोडा, माझं घाला. सही करूनच घरी आली. मी भांडलो, तर म्हणाली, "मी कुठेही चार घास मिळवीन. तुला बॉयलरपासून तोडलं तर तू महिन्याभरात मरशील." खोटं नाही ते. मला दुसरं येतं काय?

पुढच्या आठवड्यात ती दालियनला जाणार. तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायला बाई हवी आहे. मी इथे, बॉयलरघरात. पहाटे पाचला वाफ सोडताना मी मुख्य पाइपावर फावड्याने तीन ठोके देतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? आमच्या खोलीतल्या पाइपावर मिन्यू स्वयंपाकाच्या डावाने दोन ठोके देऊन उत्तर देते. संध्याकाळी विचारते, "ऐकलंस?" ब्लोअरच्या घरघरीत मला काय कपाळ ऐकू येणार! पण मी 'हो' म्हणतो. बावीस वर्षं म्हणतोय. आता ठोक्यांना उत्तर द्यायला घरात कुणी नसेल, एवढंच वाईट वाटतं. बाकी आजच्या दिवसांत हातात पक्की नोकरी आहे, याहून जास्त माणसाने काय मागावं?

तुमचा,
वनशान

ताई, मी मिन्यू. पाकीट मी चिकटवणार आहे, म्हणून हे त्याला दिसणार नाही. ब्लोअरचं मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. क्रेनवर बसणारीला कारखान्यात काय ऐकू येतं नि काय नाही, हे कुणी शिकवायला हवं होय? पण 'ऐकलं' म्हणताना त्याचा चेहरा असा काही होतो की मी रोज विचारते. त्याला सांगू नकोस. माझी काळजी करू नकोस. दालियनला समुद्र आहे म्हणे. जन्मात एकदा बघते.


शानतोंग
१६ नोव्हेंबर १९९७

वनशान,

तुझी नोकरी वाचली म्हणून हसू, की माझ्या बहिणीची गेली म्हणून रडू, ते आधी सांग. बातमी चांगली म्हणे! आयतं बीळ मिळालं की नागोबाला ते कुणी खोदलं ते आठवत नाही, तसं करू नकोस. उपकार मानायचे तर तिचे मान. मान म्हणजे नुसतं मनात नाही, तोंडाने बोल. पुरुषांची जीभ बायकोचे उपकार मानायच्या वेळीच नेमकी जड होते. आमच्या घरीही तेच आहे.

सफरचंदं उतरवून झाली. यंदा बरी आली. मिन्यूने खाली चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचून मी एकटीच हसत बसले. काय लिहिलं ते विचारू नकोस, सांगणार नाही.

तिच्यासाठी कापसाचे जोडे शिवायला घेतलेत. तळव्याला सात पदर घालणार आहे. लहानपणापासून तिचे पाय बर्फासारखे, रात्री माझ्या पोटाला लावून झोपायची मेली! तिच्या जुन्या जोड्यांवरून कागदावर तळव्याचं माप काढून पाठव. थोडं सैल धर, या वयात पाय सुजतात. जानेवारीअखेर नवीन वर्ष, त्याच्या आत पोचते करते.

मिनलान


इमारत क्रमांक ७
१५ फेब्रुवारी १९९८

ताई,

उत्तराला उशीर झाला. माफ करा. यंदाचा हिवाळा असा पडलाय की तीनही बॉयलर धडधडताहेत आणि आम्ही माणसं दोनच, मी आणि गाओ. वर मान करायला सवड नाही.

जोडे मिळाले. अगदी मापाचे झाले. मिन्यूला फार आवडले.

ती नवीन वर्षाला आली नाही, म्हणजे येऊन लगेच गेली. म्हाताऱ्याला बरं नाही, त्यामुळे तिला सुटी मिळत नाही. हाताला थोडं भाजलंय म्हणून ती स्वतः लिहीत नाही. काळजीचं कारण नाही. शुएबाईंनी सणाचे मासे वाटले, नवऱ्याचा एक, बायकोचा एक. मी दोन्ही घेऊन आलो. दोन्ही बाल्कनीत गोठून पडलेत. मला एकट्याला खाववत नाहीत.

दुसरी यादी मार्चमध्ये लागणार आहे. लोकांची तोंडं बघवत नाहीत. मी रोज सकाळी भट्टीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, वनशान, तू भाग्यवान आहेस, तुला ऊब आहे, तुला काम आहे. गाओ हसतो. म्हणतो, "कुणाशी बोलतोस रे?"

तुमची प्रकृती जपा. इकडे यायचं मनात आणू नका, गाड्यांना फार गर्दी आहे.

वनशान


शानतोंग
१२ मार्च १९९८

वनशान,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिजलेल्या भातात खडा लागावा तसं काहीतरी दाताखाली येतंय, पण काय ते सापडत नाही. आली नाही, म्हणजे येऊन गेली! हे काय बोलणं झालं? हात भाजला तर दुसरा हात आहे की नाही? वाकडंतिकडं का होईना, 'ताई' एवढा शब्द तिला काढता येईल. डिसेंबरात दालियनहून एक कार्ड आलं, त्यात समुद्र करडा आहे आणि वास मारतो असं लिहिलं होतं. त्यानंतर एक अक्षर नाही.

आता ऐक. परवा पहाटे ती स्वप्नात आली. आमच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. मी म्हटलं, "ये की आत, शेगडी पेटलीय." तर शेगडीकडे बघून मागे सरकली. पायात काही नव्हतं. बर्फात अनवाणी. मी म्हटलं, "अगं, जोडे पाठवले होते ना?" तर तुझ्याच दिशेला बघत राहिली, म्हणजे उत्तरेला.

मी स्वप्नांना भिणारी बाई नाही. पण खरं सांग, जोडे तिच्या हातात पडले का? की तू कपाटात ठेवून 'मापाचे झाले' म्हणून मोकळा झालास? ते दालियनला पाठव. आजच्या आज.

मिनलान


इमारत क्रमांक ७
१२ एप्रिल १९९८

ताई,

जोडे पाठवले. आता तरी तिच्यापर्यंत पोचले असतील.

दुसरी यादी लागली. बॉयलरघरातून एकाला उतरवायचं होतं. मी किंवा गाओ. गाओच्या बायकोची नोकरी शाळेत, म्हणजे कारखान्याबाहेरची, त्यामुळे 'एका घरातून एकच' हा नियम त्याला लागू नाही. माझ्या घरातून मिन्यू आधीच उतरलेली. शुएबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "थुंग वनशान, तुमच्या घराने आपला वाटा दिलाय." गाओ गेला. त्याच्या जागी कोठारातला एक माणूस दिलाय, त्याला नीट फावडं धरता येत नाही. गाओ आता फाटकासमोर तीनचाकी मालगाडी ओढतो. मला बघून हात वर करतो. मीही करतो. दोन मुलं आहेत त्याला.

पण मी वाचलो. वाचलो म्हणजे केवढी गोष्ट, तुम्हीच सांगा! रात्री अंथरुणात मोजतो, निवृत्तीला अकरा वर्षं. अकरा वर्षं कुणी माझ्या केसाला धक्का लावणार नाही.

ताई, एक सांगू का? हसू नका. मी मिन्यूचा निळा फुलांचा सदरा अधूनमधून धुतो आणि बाल्कनीत वाळत घालतो. फेब्रुवारीत तो गोठून ताठ व्हायचा. बाह्या पसरून उभा राहायचा. सकाळी पडदा सारला की पाठमोरं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. ते आपलं थंडीचं. आता थंडी गेली. पण काल खालच्या मजल्यावरच्या फानकाकू म्हणाल्या, "मिन्यू आलीय वाटतं? जिन्यात भेटली. मी रागावले तिला, गार फरशीवर अनवाणी काय फिरतेस म्हणून." काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना काही दिसत नाही. मोतीबिंदूच तो.

मी कुणाला सांगणार हे? म्हणून तुम्हाला लिहिलं.

वनशान


शानतोंग
३ मे १९९८

थुंग वनशान,

मी अडाणी असेन, पण मूर्ख नाही. एका पत्रात म्हणतोस तिला सुटी मिळत नाही. दुसऱ्या पत्रात ती जिन्यात फिरते. मग जिन्यात फिरतं कोण? कुणाचे सदरे धुतोस तू? माझी बहीण परक्याच्या घरी बेडपॅन उचलते आणि तू तिने दिलेल्या नोकरीच्या उबेला दुसरी बाई आणून बसवलीस? आणि वर फानकाकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तोंडाने खरं बोल. आणि मिन्यूकडून एक ओळ तरी लिहून घे. माझा तुझ्यावरचा विश्वास उडाला आहे.

ती पुन्हा स्वप्नात आली होती. अजून अनवाणीच आहे.

मिनलान


शानतोंग
२० सप्टेंबर १९९८

चार महिने झाले, तुझं पत्र नाही. मी डिसेंबरातल्या कार्डावरच्या पत्त्यावर दालियनला पत्र टाकलं होतं. ते परत आलं. वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'ही बाई आता नाही.'

नाही म्हणजे काय, वनशान? घर सोडलं, की काय?

सफरचंदं उतरली की मी येते. तिकिटाचं बघितलंय.

मिनलान


इमारत क्रमांक ७
४ ऑक्टोबर १९९८

ताई,

येऊ नका. आधी हे वाचा. बसून वाचा, आणि भाऊजींना जवळ बसवा.

मिन्यू गेली. १९ जानेवारीला. आज साडेआठ महिने झाले आणि तुम्हाला मी आत्ता सांगतोय. दुसरी बाई नाही, कुणी नाही. सदरा तिचाच.

नवीन वर्षाला त्या म्हाताऱ्यांच्या घरी मुलगा-सून येणार होते, म्हणून जागेसाठी तिला आठ दिवस मागच्या गल्लीतल्या खोलीत झोपायला सांगितलं. खोलीत वाफेचा पाइप नव्हता, कोळशाची शेगडी होती. मी जाऊन बघितली ती शेगडी. धुराड्याचं तोंड समुद्राकडे काढलेलं. तिकडचा वारा धूर आत ढकलतो, हे कामावर पहिल्या दिवशी आलेल्या माणसालाही कळतं. मी बाराशे घरांना ऊब देतो, ताई. आणि माझी बायको कोळशाच्या धुराने गेली. झोपेतच गेली म्हणाले. चेहरा गुलाबी होता. थंडीतून आल्यावर व्हायचा तसा.

आजारी आहे एवढाच निरोप आला होता, म्हणून 'बायकोला ताप' सांगून मी तीन दिवसांची रजा काढली होती. तिथेच सगळं उरकलं. अस्थींची पेटी तिच्या कारखान्याच्या जाकिटात गुंडाळली, पिशवीत घातली आणि गाडीने घेऊन आलो. फाटकावर रखवालदाराने विचारलं, "बायको कशी आहे?" मी म्हणालो, "बरी आहे." शप्पथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्याच्या मागच्या फळ्यावर नोटीस होती, मार्चमध्ये दुसरी यादी, एकट्या माणसांचा विचार आधी. मी ती वाचली. मग मला कळलं की मी आता एकटा माणूस आहे.

तिने ही नोकरी मला दिली होती. बावीस वर्षांची क्रेन सोडून दिली होती. ती गेली म्हणून नोकरीही गेली, तर मग तिने दिलं काय आणि राहिलं काय? असं मी स्वतःला सांगितलं. त्यात खोटं नव्हतं. पण भीतीही होती, ती मी स्वतःला सांगितली नाही. मग मासे दोन घेतले. सदरा धुतला. शेजाऱ्यांना म्हणालो, रविवारी येऊन जाते. रविवारी दोघांचा स्वयंपाक केला, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून एकटाच बोललो. आणि लोकांना ती दिसायला लागली. फानकाकूंना जिन्यात. दूधवाल्याला खिडकीत. मीच तिला उभी केली होती, पण ती मला सोडून सगळ्यांना दिसते. मी दारामागे उभा राहून वाट बघतो. मला कधीच दिसत नाही.

जोड्यांचंही सांगतो. ते आले तेव्हा ती जाऊन आठवडा झाला होता. तुमच्या स्वप्नाचं पत्र वाचून मी घाबरलो. पितरांच्या दिवशी एप्रिलमध्ये मी ते बॉयलरच्या भट्टीत घातले, मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी नोटांबरोबर. म्हटलं, एवढी मोठी आग कुणाच्या पितरांना मिळते? पण जाळलेलं ज्याचं त्याला पोचायला भोवती वर्तुळ आखावं लागतं, ते भट्टीत आखता येत नाही. आणि शेजारी तो नवा माणूस होता, त्यामुळे नाव घेऊन हाक मारता आली नाही. बिननावाचं जे जाळलं ते वाटेवरच्या बेवारस भुतांनी पळवलं असणार. ती अनवाणी आहे ती माझ्यामुळे.

पेटी माझ्या खोलीत पाइपाला टेकून ठेवली आहे. तिथे ऊब असते.

आणि गाओची नोकरी माझ्या खोटेपणाने गेली. तो रोज मला हात करतो.

तुम्ही म्हणाल ते करीन.

वनशान


शानतोंग
२५ ऑक्टोबर १९९८

वनशान,

तुझं पत्र आल्यावर मी तीन दिवस अंगणात गेले नाही. सफरचंदं झाडावरच सडली काही. सडू देत.

तुला काय काय शिव्या द्यायच्या त्या सगळ्या आकाशाकडे तोंड करून देऊन झाल्या. साडेआठ महिने माझी बहीण मेलेली होती आणि मी तिचे जोडे पोचले का विचारत होते, तिच्यावर रुसत होते, तुझ्यावर बाईचा संशय घेत होते. माझ्या हक्काचं रडणं तू चोरलंस. हे मी विसरणार नाही. माफी मागू नकोस, मला देता येणार नाही.

पण ती अनवाणी आहे, ते आधी. चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याची पहिली तिथी येतेय, मेलेल्यांना गरम कपडे पाठवायची. नवा जोड शिवलाय, सात पदरी, बरोबर पाठवतेय. चव्हाट्यावर जा. सगळे जातात त्याच चव्हाट्यावर, फाटकासमोर. खडूने वर्तुळ आख, तोंड आमच्या दिशेला उघडं ठेव. आणि तिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, घेऊन हाक मार. पुटपुटू नकोस. ती ओतशाळेच्या छपराखाली बावीस वर्षं बसलेली आहे, तिला बारीक आवाज ऐकायची सवय नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. ज्या नोकरीपायी माणसाला बायकोचं नाव घेता येत नाही, तिला पक्की नोकरी म्हणतात होय रे?

आता एक गोष्ट. मला सांगायची बंदी होती, पण बंदी घालणारी गेली. तुझ्या पहिल्या पत्राखाली तिने लिहिलं होतं की ब्लोअरमध्ये तुला तिचे ठोके ऐकू येत नाहीत, हे तिला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. 'ऐकलं' म्हणताना तुझा चेहरा बघायला मिळतो, म्हणून ती रोज विचारायची. ते कागदाचं टोक मी कापून सोबत ठेवलंय. तिचं अक्षर आहे. सांभाळ.

मिनलान


इमारत क्रमांक ७
२३ नोव्हेंबर १९९८

ताई,

जोडे पोचले. या वेळी खरंच पोचले असं वाटतं. काय झालं ते सांगतो.

पहिल्या तिथीला दिवस मावळता मावळता फाटकासमोर सगळी वसाहत जमली होती. पन्नाससाठ वर्तुळं, पन्नाससाठ आगी, सगळीकडे राख उडत होती. मी कोपऱ्यात जागा शोधत होतो, पण तिथे काळोख होता. तुमचं वाक्य आठवलं आणि मधोमध दिव्याखाली गेलो. शेजारच्या वर्तुळात गाओ त्याच्या आईसाठी जाळत होता. त्याने मला हात केला. मी खडूने वर्तुळ आखलं, तोंड तुमच्याकडे ठेवलं. फानकाकू म्हणाल्या, "कुणासाठी रे? तुझे आईवडील तर गावाकडे पुरलेत ना?"

मी ताठ उभा राहिलो. मग ओरडलो. "शन मिन्यू! शन मिन्यू, जोडे घे! कपडे घे! ताईने पाठवलेत!" बॉयलरघरात ब्लोअरवर ओरडतो तसा ओरडलो. आजूबाजूची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. जोडे पेटायला वेळ लागला, कापूस घट्ट भरला होता तुम्ही.

गाओ उठून जवळ आला. म्हणाला, "कधी?"

"जानेवारीत."

त्याला हिशेब सांगावा लागला नाही. मार्चची यादी त्यालाही पाठ आहे. मला वाटलं, मारणार. मारायला हवं होतं. तो वळला, आईसाठी आणलेल्या गाठोड्यातून एक कागदी अंगरखा काढला आणि माझ्या वर्तुळात टाकला. म्हणाला, "वहिनी, हे घ्या. पायांना गुंडाळा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्याशी मी बोलणार नाही." आणि तीनचाकी घेऊन निघून गेला.

सगळे पांगल्यावर फानकाकू माझी बाही धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग जिन्यात कोण होतं?" मला काय माहीत, ताई! मी त्यांना घरापर्यंत पोचवलं. जिन्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शुएबाईंसमोर उभा राहिलो. त्यांना रात्रीच कळलं होतं. चांगल्या रागावल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. मी म्हटलं, माझं नाव उतरवा आणि गाओला परत घ्या, तीन नंबरचा बॉयलर त्याच्याशिवाय कुणाला समजत नाही. हिवाळा डोक्यावर होता म्हणून त्यांनी जास्त वाद घातला नाही. दुपारी गाओला बोलावणं गेलं. फावडं मी त्याच्या कपाटाला टेकवून ठेवलं. खोली मला मार्चपर्यंत वापरायची परवानगी आहे. नंतर पेटी घेऊन मी तुमच्याकडे येईन. मला दाराबाहेर ठेवलंत तरी चालेल, पण तिला आत घ्या. तुमच्या आईच्या शेजारी जागा असेल तर बघा.

दहा महिने मी रोज भट्टीसमोर उभा राहून नशिबाचे उपकार मानले. नोकरी आहे, ऊब आहे, वाचलो. उपकार मानायचं माणूस एकच होतं, आणि मी नेमकं तिचंच नाव घेत नव्हतो. तुम्ही पहिल्याच पत्रात सांगितलं होतंत, तोंडाने बोल म्हणून.

ती तुमच्या स्वप्नात आली का? पायात काय होतं ते लिहा. माझ्याकडे ती अजून येत नाही.

आज पहाटे सवयीने साडेचारला उठलो आणि करायला काही नाही म्हणून तिच्या जागेवर, पाइपाजवळ बसलो. तिचा कागद खिशात होता. बरोबर पाचला पाइप कुरकुरला, वाफ चढली, आणि तीन ठोके आले. गाओ माझ्याशी बोलत नाही, पण ठोके द्यायला तो माझ्याकडूनच शिकलाय. बावीस वर्षं मी ते दिले, ताई, पण खोलीत ते कसे ऐकू येतात हे मला कधीच माहीत नव्हतं. अगदी कानाशी येतात. कुणीतरी आपल्यालाच हाक मारतंय असे.

मी उठलो, खिळ्यावरचा तिचा डाव काढला आणि पाइपावर दोन ठोके दिले. तिकडे ते ऐकू जात नाहीत, हे मला माहीत आहे.

वनशान